मोटारसायकलच्या चेनची निगा

(साक्षरता वर्गाच्या सभेत केलेले भाषण)



आज सभेला कोणी पायी आले, कोणी मोटारसायकलवर आले. बाहेर लिंबाखाली गाड्या उभ्या आहेत. कोणाची दुधाची, कोणाची भाजीची, कोणाची नुसती सासुरवाडीची. पूर्वी घरापुढे बैलजोडी असे, तशी आता दारात मोटारसायकल असते. तिच्यावर दूध जाते, खताची गोणी येते, पोर शाळेत जाते, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यातही जातो. म्हणजे ही गाडी घरातली एक कमावती व्यक्तीच झाली.

या गाडीचे इंजिन आपण जपतो. आरसे पुसतो. दसऱ्याला हार घालतो, लिंबू बांधतो. पण जिच्या जिवावर गाडी पुढे सरकते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती म्हणजे चेन. आज मी तुम्हाला तिच्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून ठेवतो. चेन म्हातारी होऊन मरत नाही. ती बहुतेक वेळा कोरडेपणाने आणि धुळीने मरते. महिन्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे दिली, तर तिचे आयुष्य दुप्पट होऊ शकते. कसे ते ऐका.

चेन म्हणजे काय?

इंजिनाच्या बाजूला एक लहान दातेरी चक्र असते. मागच्या चाकाला एक मोठे दातेरी चक्र असते. दुकानात त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. आपण चक्रच म्हणू. इंजिन लहान चक्र फिरवते. चेन ते फिरणे मागे पोचवते. मागचे चाक फिरते आणि गाडी चालते.

अशी चेन प्रथम मोटारसायकलसाठी बनली नाही. हान्स रेनॉल्ड नावाचे एक कारागीर स्वित्झर्लंडहून इंग्लंडात मँचेस्टरला आले होते. त्यांनी १८८० साली बुश आणि रोलर असलेली चेन तयार केली. ती कारखान्यांतल्या यंत्रांना लागली, सायकलींना लागली, मग मोटारसायकलींना लागली. आज तुमच्या गाडीत जी चेन आहे, तिची घडण मुळात तीच आहे.

आता ही घडण समजून घ्या. दाराची बिजागरी सगळ्यांनी पाहिली आहे. मध्ये एक खिळा असतो. त्याच्याभोवती नळी असते. दार उघडले की नळी खिळ्याभोवती फिरते. चेनही तशीच असते. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. पिनेवर एक नळी असते, तिला बुश म्हणतात. बुशावर आणखी एक सैल नळी असते, तिला रोलर म्हणतात. रोलर चक्राच्या दातांवर बसतो. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. म्हणजे चेन ही एकापुढे एक जोडलेल्या शंभर-सव्वाशे बिजागऱ्यांची माळ आहे.

घरात दार कुरकुरू लागले, तर तुम्ही तेल कुठे घालता? दाराला घालता की बिजागरीला? बिजागरीला! मग चेनचे तेलही तिच्या सांध्यांतच जायला हवे. नुसती वरून चोपडून उपयोग नाही. ही एक गोष्ट कळली, तरी आजचे निम्मे भाषण कळले.

चेन लांबते म्हणजे काय होते?

मिस्त्री म्हणतो, "चेन लांबली." ऐकणाऱ्याला वाटते, रबरासारखी ताणली गेली. तसे नसते. पोलादाच्या पट्ट्या अशा सहज ताणल्या जात नाहीत. झिजते ती आतली पिन आणि बुश. सांधा पोकळ होतो. प्रत्येक सांधा थोडा थोडा पोकळ झाला, की सगळी चेन लांब होते.

हे गणिताने पाहू. आता तुम्हाला आकडे येतात, तेव्हा पाटीवर मांडा.

आपल्याकडच्या लहान गाड्यांना बहुतेक ४२८ नंबरची चेन असते. हा आकडा चेनच्या पट्टीवर कोरलेला असतो. त्यातल्या पहिल्या ४ चा अर्थ असा, की एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर इंचाचे आठ भाग केले तर त्यांतले चार भाग आहे. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच. मिलिमीटरमध्ये १२.७.

समजा तुमच्या चेनला १२० कड्या आहेत. १२० गुणिले अर्धा इंच, म्हणजे ६० इंच. ६० इंच म्हणजे ५ फूट. बरोबर एका बेताच्या उंचीच्या माणसाएवढी चेन झाली.

आता प्रत्येक सांध्यात एका जाड कागदाएवढीच झीज झाली असे धरा. असा कागद मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढा जाड असतो. बोटाला जाणवणारही नाही इतकी ही झीज. पण सांधे किती? १२०. असे १२० कागद एकावर एक ठेवले तर १२ मिलिमीटर होतात. म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. चेनला जणू एक कडी जास्तीची जोडली गेली! थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

आणि ही झीज व्हायला कारणही मोठे आहे. मागच्या चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण १.९ मीटर. एका किलोमीटरला चाक पाचशेवर फेरे घेते. मागच्या चक्राला ४२ दात धरले, तर तेवढ्यात आपली १२० कड्यांची चेन सुमारे १८० वेळा गोल फिरून येते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा दोन चक्रांवर चढतो आणि दोन चक्रांवरून उतरतो. म्हणजे चार वेळा वाकतो किंवा सरळ होतो. गुणाकार करा. एका किलोमीटरला सातशेहून जास्त वेळा. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्या गाडीत, एकेक सांधा दिवसाला वीस हजारांहून जास्त वेळा हलतो. आपल्या दाराची बिजागरी सगळ्या वर्षातही इतकी हलत नाही.

एवढी मेहनत करणाऱ्याला चार थेंब तेल देऊ नये?

चेन लवकर का झिजते?

पहिले कारण कोरडेपणा. जुन्या माणसांना बैलगाडी आठवत असेल. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. आस करकरला की गाडीवान खाली उतरून वंगण घालत असे. बैलगाडीची हळू फिरणारी चाके वंगण मागत, आणि इतकी वेगाने धावणारी चेन मागणार नाही काय? मागते. पण इंजिनाच्या आवाजात तिचे मागणे ऐकू येत नाही.

दुसरे कारण धूळ आणि चिखल. जात्याच्या दोन तळ्यांत दाणा सापडला की पीठ होते. चेनमध्ये उलटे होते. वाळूचा बारीक कण पिन आणि बुश यांच्यामध्ये सापडला, की कण टिकतो आणि जातेच झिजते. तेलात मिसळलेली धूळ तर धार लावायच्या दगडासारखी घासते. काही जण जुन्या काळ्या चेनवर तसेच वरून नवे तेल ओततात. त्याने वरची घाण आत जाते. म्हणून आधी पुसावे, मग तेल घालावे. आंघोळ केल्याशिवाय कोणी अंगाला अत्तर लावतो का?

तिसरे कारण चुकीचे वंगण. गॅरेजमधले जळके काळे ऑइल फुकट मिळते, म्हणून लोक तेच चेनला घालतात. त्या ऑइलात काजळी असते आणि इंजिन झिजून आलेले धातूचे बारीक कणही असतात. शिवाय असे ऑइल पुन्हा पुन्हा कातडीला लागणे तब्येतीला वाईट. काही जण जाड ग्रीस थापतात. ते पट्ट्यांच्या बाहेरच बसते, सांध्यात जात नाही. वर धूळ मात्र छान धरून ठेवते. चेनला साधे गिअर ऑइल चांगले. दुकानात ९० नंबरचे ऑइल म्हणून मागा. चेनसाठी फवारायचा स्प्रेही मिळतो. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल ते घ्यावे.

चौथे कारण चुकीचा ताण. कोणी म्हणेल, "चेन घट्ट केली, आता वर्षभर बघायला नको." अति तेथे माती! खड्ड्यात गाडी दबली, मागे दोन माणसे बसली, की मागचे चाक खालीवर होते आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असलेल्या चेनला मग सैल व्हायला जागाच उरत नाही. तो ताण पिनांवर येतो, चाकाच्या बेअरिंगवर येतो, इंजिनातून बाहेर आलेल्या दांड्यावर आणि त्याच्या बेअरिंगवरही येतो. दोनशे रुपये वाचवायला जावे आणि इंजिन उघडायची पाळी यावी, असे होते. उलट चेन फार सैल असली तर ती फडफडते, कव्हरवर आपटते, चक्राच्या दातांवरून उडी मारते. एखादे वेळी उतरतेही.

पाचवे कारण जादा ओझे. दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे ८० लिटर. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून सुमारे ८२ किलो धरा. चालवणारा ६५ किलो. बेरीज १४७. कॅनचे वजन निराळे. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना भाराची मर्यादा १३० किलोच्या आसपास असते, आणि त्यात चालवणाराही आला. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहा. पोटापाण्यासाठी ओझे न्यावे लागते, हे मला कळते. पण मग निदान ज्याने ओझे वाहायचे त्याला वंगण तरी वेळेवर द्या. आणि क्लच झटक्याने सोडून गाडी उडवू नका. बैलालाही आपण ओझ्यासकट एकदम उडी मारायला लावत नाही.

सहावे कारण, अर्धीच दुरुस्ती. हे पुढे सांगतो.

चेन तपासावी कशी?

गाडी मेन स्टँडवर लावा. इंजिन बंद करा. चावी काढून खिशात ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये असू द्या. आता खालच्या बाजूची चेन, दोन चक्रांच्या बरोबर मध्ये, बोटाने वर दाबा आणि खाली ओढा. सगळ्यात वरपासून सगळ्यात खालीपर्यंत ती किती हलते ते पट्टीने मोजा. लहान गाड्यांना हे हलणे साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. म्हणजे एक इंचाच्या मागेपुढे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात असतो, काही गाड्यांवर तो चिकटवलेलाही असतो. तो आकडा खरा मानावा.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने थोडे फिरवा, पुन्हा मोजा. झिजलेली चेन एके जागी सैल आणि एके जागी घट्ट लागते. जिथे सर्वांत घट्ट लागेल, तिथे हे माप धरून ताण ठरवावा.

बऱ्याच गाड्यांना चेनवर पूर्ण बंद कव्हर असते. मग चेन दिसणार कशी? कव्हरला रबराचे एक बूच असते. ते काढले की आत चेन दिसते आणि बोटाने हलवता येते. पाहून झाल्यावर बूच परत लावा. कव्हर खडखडते म्हणून ते काढून फेकणारे लोक मी पाहतो. त्यांनी चेनला उन्हापावसात उघडी टाकली. खडखडणारे कव्हर घट्ट करावे, काढून टाकू नये.

चेन किती झिजली हेही मोजता येते. चेन ताणून धरा. एका पिनेच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा आणि २० कड्या मोजा. नव्या ४२८ चेनला हे अंतर २५४ मिलिमीटर भरते, म्हणजे बरोबर १० इंच. ते २५९ च्या पुढे गेले, तर ती चेन संपली असे समजा. काही गाड्यांच्या पुस्तकात याहून कमी आकडा दिलेला असतो. तो असेल तर तोच पाळा.

चक्राकडेही पाहा. नव्या चक्राचे दात दोन्ही बाजूंनी सारखे असतात. झिजलेले दात विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसतात. दात टोकदार झाले, वाकले, की चक्र बदलायची वेळ झाली.

तेल घालायची रीत

साधारण दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल घालावे. पावसात भिजली, चिखलातून गेली, गाडी धुतली, तर ५०० ची वाट पाहू नये. कोकणात समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर धरतो. तिकडच्या लोकांनी जास्त लक्ष द्यावे.

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिन बंदच ठेवा. हे मी पुन्हा सांगतो, कारण इथे माणसे घात करून घेतात. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावतात. फडके अडकते, फडक्याबरोबर बोटे चक्रात जातात. चेन आणि चक्र यांच्यामध्ये गेलेले बोट वाचत नाही. पाच मिनिटांच्या घाईसाठी जन्माचे अपंगत्व कशाला? चाक हातानेच फिरवा. आणि लहान मुलांना दूर ठेवा. तुम्ही चाक फिरवत असता आणि पोर कौतुकाने बोट पुढे करते.

साधी चेन रॉकेलने किंवा डिझेलने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावी. चुलीपासून आणि बिडीपासून लांब बसावे. पेट्रोल वापरू नये. काही गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये रबराची बारीक कडी बसवलेली असते. तिच्या आत वंगण कोंडलेले असते. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने ते रबर खराब होते. अशी चेन असेल तर तिच्यासाठी मिळणारे क्लीनर घ्या आणि मऊ ब्रश वापरा.

मग कोरड्या फडक्याने पुसा. ओलावा राहू देऊ नका. आता तेल घाला. खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे चक्राकडच्या बाजूने, थेंब थेंब सोडा. पट्ट्या जिथे एकमेकींना लागतात, त्या फटीत सोडा. चेन फिरू लागली की तेल आतून बाहेर फेकले जाते आणि सांध्यात शिरते. चाक हाताने फिरवत सगळी चेन पुरी करा. चहाचे दोन चमचे तेल पुष्कळ झाले.

हे काम संध्याकाळी गाडी घरी आल्यावर करावे. चेन गरम असते, तेल चांगले आत जाते. रात्रभर ते मुरते. सकाळी बाहेर राहिलेले जादा तेल पुसून टाका. टायरवर तेल पडले नाही ना, हे पाहा. टायरला तेल लागले तर पहिल्याच वळणावर गाडी घसरेल.

ताण देताना

चेन सैल झाली की ताण द्यावा लागतो. पहिल्यांदा हे काम मिस्त्रीकडून करून घ्या, आणि शेजारी उभे राहून बघा. मागच्या आसाचा नट ढिला करतात. काही गाड्यांना डाव्या बाजूला आणखी एक नट असतो, तोही ढिला करतात. मग दोन्ही बाजूंचे ताण देण्याचे नट सारखेच फिरवतात. दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे जितक्या खुणा, उजवीकडेही तितक्याच हव्यात. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर चाक तिरके बसते. मग चेन चक्राला एका अंगाने घासते, आणि गाडीही सरळ चालत नाही.

नट परत आवळल्यावर ताण पुन्हा मोजा. आवळताना तो बदलू शकतो. ज्या गाडीला मागे ड्रमचा ब्रेक आहे, तिचा ब्रेकही तपासा. चाक मागे सरकले की ब्रेकची सळई ओढली जाते. ब्रेक थोडा दाबलेलाच राहतो, ड्रम तापतो. चाक हाताने फिरवून मोकळे फिरते का ते पाहावे.

चेनला एक जोडकडी असते. तिच्यावर बारीक स्प्रिंगची पट्टी असते. तिला लॉक म्हणतात. लॉकचे एक टोक बंद असते, एक उघडे. बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. मासा पोहतो तसे, डोके पुढे आणि शेपटी मागे. उलटे बसवले तर कशाला तरी अडकून लॉक निसटू शकते. मिस्त्रीने चेन जोडली की आपण एकदा वाकून पाहावे. पाहायला पैसे पडत नाहीत.

अर्धीच दुरुस्ती का करू नये?

ताण देऊन देऊन खुणा संपतात. मग काही जण म्हणतात, "मिस्त्री, एक कडी काढून टाक." कडी काढली की चेन आखूड होते. पण उरलेल्या सांध्यांची झीज तशीच राहते. प्रत्येक कडी अजूनही लांबच आहे. चक्राचे दात अर्ध्या इंचावर, आणि कड्या अर्ध्या इंचाहून लांब. ती दातात नीट बसत नाही, दातावर चढते आणि दातही खाते. विटक्या धोतराचा काठ कापला म्हणून धोतर नवे होत नाही.

दुसरे लोक चेन नवी घेतात आणि चक्रे जुनीच ठेवतात. नवी चेन वाकलेल्या दातांवर घासून लवकर झिजते. लहान चक्राला १४ दात आणि मोठ्याला ४२ दात असतील, तर मोठे एकदा फिरते तेव्हा लहान तीनदा फिरते. म्हणून लहान चक्र आधी झिजते, आणि ते झाकणाखाली असल्यामुळे दिसतही नाही. यासाठी चेन आणि दोन्ही चक्रे एकदम बदलावीत. दुकानात त्याला चेनसेट म्हणतात. घेताना नंबर वाचा, कड्यांची संख्या वाचा, पावती घ्या.

आता पैशाचा हिशेब मांडू. भाव गाडीप्रमाणे बदलतो. समजा चेनसेट १,५०० रुपयांचा. एकाच्या गाडीला तो ८,००० किलोमीटर पुरला, कारण त्याने कधी पुसला नाही. दुसऱ्याला २०,००० किलोमीटर पुरला. ४०,००० किलोमीटरमध्ये पहिल्याला ५ सेट लागले, म्हणजे ७,५०० रुपये. दुसऱ्याला २ सेट, म्हणजे ३,००० रुपये. फरक ४,५०० रुपयांचा. दुसऱ्याने दर ५०० किलोमीटरला, म्हणजे ८० वेळा तेल घातले. ते सगळे मिळून एक लिटर. त्याचे ५०० रुपये धरले, तरी ४,००० रुपये शिल्लक राहिले. एवढ्यात पोरांची वह्या-पुस्तके होतात.

पण हिशेब नुसता पैशाचा नाही

एखादी बाई म्हणेल, "गुरुजी, गाडी मालक चालवतात नाहीतर लेक चालवतो. आम्हाला याचं काय?"

ताई, मागे तुम्हीच बसता. झिजलेली चेन तुटते तेव्हा जोर असतानाच तुटते. म्हणजे चढावर, ओझे असताना, गाडी पळवताना. तुटलेली चेन कधी रस्त्यावर पडते आणि गाडी नुसती थांबते. कधी ती पुढच्या चक्रात गोळा होऊन इंजिनाचे कव्हर फोडते. कधी मागचे चाकच जाम करते. चाक जाम झाले की गाडी फरफटते, आणि मागे बसलेला माणूस आधी फेकला जातो. पहाटे चेन तुटली तर दूध केंद्रावर वेळेत पोचत नाही, ते नासते. हे नुकसान भरून येते. पण बाळंतिणीला किंवा ताप चढलेल्या लेकराला नेताना तुटली, तर काय?

दुसरी गोष्ट पदराची. साडीचा पदर, ओढणी, शाल चाकात किंवा चेनमध्ये गुंतते आणि बाई खाली ओढली जाते. यासाठी कायद्याने व्यवस्था केली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नियम १२३ सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी हवी, पाय ठेवायची जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. शोभेसाठी ती जाळी काढून टाकणारी पोरे आहेत. आयांनी आणि सुनांनी त्यांना ठणकावून सांगावे, "आधी जाळी बसव, मग मी मागे बसते." पदर खोचून, ओढणी बांधून बसावे.

आणि घरचा हिशेब बहुधा तुमच्याच हाती असतो. म्हणून एक काम तुमच्याकडे सोपवतो. एका वहीत चार रकाने आखा. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय केले, खर्च किती. समजा ५ जूनला काट्याखालचा आकडा १२,४०० होता आणि चेनला तेल घातले. तसे लिहा. मग १२,९०० झाले की लेकाला आठवण द्या. त्याला विसर पडेल, वहीला पडणार नाही.

गाडी घेताना दुकानदार एक पुस्तक देतो. बहुतेक घरांत ते पेटीच्या तळाशी पडलेले असते. ते आता वर काढा. भाषा अवघड वाटली तर वर्गात घेऊन या, आपण मिळून लावू. त्यातले आकडे तर तुम्ही आजच वाचू शकता. चेनचा ताण किती मिलिमीटर, तेल किती किलोमीटरला, ओझे किती किलो. आजवर हे दुसऱ्याला विचारावे लागे. तो सांगेल ते खरे. आता तुम्ही स्वतः वाचाल, पट्टीने मोजाल, आणि मिस्त्रीशी बरोबरीने बोलाल.

आता जाता जाता पाच गोष्टी पाच बोटांवर मोजा. अंगठा: काम करताना इंजिन बंद. पहिले बोट: आधी पुसा, मग तेल. मधले बोट: तेल सांध्यात, दर ५०० किलोमीटरला. चौथे बोट: ताण पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, घट्टही नको, ढिलाही नको. करंगळी: बदलायची तर चेन आणि चक्रे एकदम.

चेन रस्त्यात तुटल्यावर मिस्त्रीला शोधत फिरणे, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. ती वेळ येऊ देऊ नका. उद्या सकाळी गाडीला लाथ मारण्याआधी, खाली वाकून एकदा चेनकडे पाहा. बोटाने हलवा. कोरडी, लाल गंजलेली दिसली, तर संध्याकाळी फडके आणि तेल घेऊन बसा.

एवढे सांगून मी माझे बोलणे संपवतो. कोणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारा. बाहेर गाड्या उभ्याच आहेत, जाताना दोन-तीन गाड्यांची चेन आपण मिळून मोजून पाहू.

राम राम.